तरंगा आडवा झाला

रविवारी सकाळी साडेसहाला कनकलता घोषाल मित्तिरांच्या दिघीवर, म्हणजे त्यांच्या मोठ्या तळ्यावर, जांभळाखालच्या मचाणावर चढल्या. अंगावर विधवेचं पांढरं पातळ, हातात नवऱ्याचा, पांचुगोपालांचा, गळ.

“बौदी, खाली उतरा,” शेजारच्या मचाणावरून मासेमारी क्लबचे चिटणीस बटकेष्ट सामंत म्हणाले. “पांचुदा गेले. ती जागा आता चिठ्ठी टाकून दुसऱ्याला जाणार.”

“यांनी काढलेलं तिकीट दुर्गापूजेपर्यंतचं आहे, बटकेष्टबाबू. मी काही पूजेआधी मरत नाही.”

“आणि मासा लागला तर? विधवेला तर मासा खायला चालत नाही.”

“पाण्यातून काढायला चालतो. पुढचं माझं मी बघेन.”

“आधी लागू तर दे!” पलीकडच्या काठावरून कुणीतरी ओरडलं. दोन-तीन मचाणं हसली.

लग्न झाल्यापासून कनकलता पहाटे आमिष मळून देत आणि संध्याकाळी आलेला मासा चिरत. मधला दिवस त्यांनी कधी पाहिला नव्हता. बायका दिघीवर येत नसत. गळाच्या दोरीवर तरंगून मासा लागल्याचं सांगणारे तरंगे मात्र सगळे त्यांच्याच हातचे. मोराच्या पिसाची दांडी कापून, टोक लाल रंगवून त्या बाजारातल्या दुकानाला देत. माघात पांचुगोपाल गेले आणि मासा चिरणंही सुटलं.

त्यांनी डबा उघडला. पांचुगोपाल नेहमी जाड दांडी लावायचे, लांबून दिसते म्हणून. कनकलतांनी ती बाजूला ठेवली आणि सगळ्यांत बारीक काढली. गळाला शिशाचा तुकडा अडकवून खोली पाहिली. तरंगा बुडाला. तो दोरीवर वर सरकवला, पुन्हा टाकला. टोक पाण्याबाहेर राहिलं तेव्हा शिसं काढलं. मग पाव, सातू आणि मुंग्यांच्या अंड्यांची गोळी गळावर दाबली. गोळी तळाशी लोंबकळली की तिच्या वजनाने नुसता लाल ठिपका वर उरावा, एवढेच शिशाचे बारीक मणी त्यांनी दोरीवर ठेवले होते.

“ही काडी?” बटकेष्टबाबू म्हणाले. “पांचुदा असते तर दिघीत फेकली असती.”

“म्हणूनच ते अर्धे दिवस रिकाम्या हाताने यायचे.”

या वेळी मचाणं हसली ती बटकेष्टबाबूंवर.

दुपारपर्यंत काही झालं नाही. गोळी विरघळली की ठिपका हळूहळू वर यायचा आणि सरळ उभा राहायचा. कनकलता गळ ओढून नवी गोळी लावायच्या. जेवायला त्या उतरल्या नाहीत. पदरातले मुरमुरे खाल्ले.

उन्हं कलली आणि ठिपका एकदम बोटभर वर आला.

“गोळी गेली, बौदी. ओढा, दुसरी लावा!”

कनकलतांनी हात हलवला नाही. तरंगा आणखी वर आला, कलला आणि पाण्यावर आडवा पडला. खाली कुणीतरी गोळी तोंडात धरून उचलली होती. त्यांनी झटका दिला. दोरी सणसणत दिघीच्या मध्याकडे धावली.

बटकेष्टबाबू उठून उभे राहिले. “द्या इकडे, बौदी! तुमच्याने नाही व्हायचं!”

“हात लावाल तर याद राखा.”

रोहू काठाला आला तेव्हा दोरीने त्यांची बोटं कापली होती. जाळी बटकेष्टबाबूंनीच धरली. “पुढच्या रविवारचं कमिटी ठरवेल,” ते म्हणाले.

“ठरवू दे. आमिष मी शनिवारीच मळते.”

मासा त्यांनी भर रस्त्याने हातात लटकवून नेला. सुनेने दार उघडलं आणि ती मागे सरली.

“आई, हे काय? लोकांनी पाहिलं?”

“सगळ्यांनी. माझी मासे कापायची विळी आण.”

विळी माघापासून सुनेच्या स्वयंपाकघरात होती; विधवा झाल्यापासून कनकलतांची बिनमाशाची चूल वेगळी होती. सून ती घेऊन आली. कनकलतांनी विळी पायाखाली दाबून बसत खवले काढले, तुकडे केले. डोकं अखंड ठेवलं. या घरात ते पांचुगोपालांच्या ताटात जायचं.

“तळायचे किती, आई?” सुनेने हळूच विचारलं. “म्हणजे... किती जणांचे?”

कनकलता हात धुवायला गेल्या. दिवेलागणीला तुकडे तळून झाले होते. हळद-मीठ लावलेलं डोकं वेगळ्या वाडग्यात होतं, आणि वाडगा कनकलतांच्या चुलीपाशी होता.