बू वागीनेम आणि मेर्सीचं पोट

"मेर्सी, दार उघड. परत ओकलीस ना?"

मेर्सीने दार उघडलं आणि भिंतीला धरून उभी राहिली. योग्याकार्ता शहरातल्या त्या गल्लीत वागीनेम कॉलेजच्या मुलींना खोल्या भाड्याने देई. मुली तिला 'बू', म्हणजे आई, म्हणत. मेर्सी दूरच्या तिमोर बेटावरची, मुलींमध्ये सगळ्यात अबोल.

"कालपासून चाललंय तुझं. पाळी कधी आली होती?"

"बू, पोट दुखतंय हो. बाकी काही नाही."

"मी कुठं काय म्हणतेय?"

म्हणत नसली, तरी वागीनेमच्या मनात तेच होतं. मागच्या आठवड्यात मेर्सीला एक मुलगा स्कूटरवरून दारात सोडून गेला होता. गेल्या वर्षी इथलीच एक मुलगी पोटुशी निघाली, तेव्हा गल्लीने वागीनेमलाच बोल लावले होते. दवाखान्यात न्यावं, तर सगळीकडे बोभाटा होणार. न न्यावं, तर? कॉलेजचा दवाखाना सुट्टीमुळे बंद. मेर्सीचं विम्याचं कार्ड तिच्या गावचं. ते इथे चालेल की नाही, दोघींनाही ठाऊक नव्हतं.

"अंगात वारा शिरलाय," वागीनेम शेवटी म्हणाली. तिने मेर्सीच्या पाठीला बाम लावला, वारा बाहेर काढायला नाणं घासून लाल पट्टे उठवले आणि आल्याचं पाणी पाजलं.

दुपारी मेर्सीचं अंग भाजायला लागलं. उजवी कूस धरून ती मुटकुळं करून पडली होती. तेव्हा मात्र वागीनेमने शेजाऱ्याला गाडी काढायला लावली.

"तुम्ही हिच्या कोण?" इस्पितळातल्या नर्सने विचारलं.

"मी... घरमालकीण."

मेर्सीच्या आईचा फोन लागत नव्हता. तरुण डॉक्टर घाईने बाहेर आला. "अपेंडिक्स फुटलंय. लगेच ऑपरेशन करावं लागेल. कालच का नाही आणलंत?"

"म्हणजे... मूल नाहीये पोटात?"

डॉक्टरच्या मागे स्ट्रेचरवर मेर्सीने डोळे उघडले, वागीनेमकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले.

मुलगी वाचली. आई विमानाने आली. काटक, सावळी बाई. वागीनेम भाताची पेज घेऊन गेली, तेव्हा ती लेकीच्या उशाशी बसली होती.

"दुखायला कधी लागलं गं?" आईने विचारलं.

वागीनेमचे हात डब्याच्या झाकणावरच थांबले.

"ऑपरेशनच्याच दिवशी सकाळी," मेर्सी म्हणाली. "बूंनी लगेच आणलं."

असं का म्हणाली ही? माफ केलं? की आईला त्रास नको म्हणून? वागीनेमने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पण मेर्सीने तो भिंतीकडे वळवला होता.

आई उठली. पिशवीतून हाताने विणलेली लाल, जाड शाल काढून तिने वागीनेमच्या खांद्यांवर घातली.

"आमच्याकडे असाच मान देतात, ताई. तुम्ही होतात म्हणून."

वॉर्डात पंखा नव्हता. मानेवरून घाम ओघळत होता. शाल काढून ठेवावी की तशीच राहू द्यावी, हे वागीनेमला कळेना. ती तशीच बसून राहिली.