उतरलेल्या टायरांची घरगाडी

मित्रांनो, मी एक जुनी घरगाडी आहे. माझ्या पोटात चूल आहे, जेवणाचे टेबल आहे, भिंतीला लागून खाटा आहेत आणि खिडक्यांना निळे पडदे आहेत. नाही ते फक्त इंजिन. कुणी ओढले तर मी जाते, नाही ओढले तर उभी राहते. दुसऱ्याच्या मागे चालणे हा माझा जन्मभराचा धंदा. जो मागे चालतो त्याला पुढच्याचे सगळे लाड दिसतात. म्हणून माझा जीव जळतो. खोटे कशाला सांगू?

माझा जन्म इंडियानातल्या एका कारखान्यात झाला. लाकडाचा सांगाडा, वर पांढरा पत्रा, पोटाखाली चार चाके. कॅन्ससच्या अनरू कुटुंबाने मला विकत घेतले. हे लोक दुसऱ्यांचा गहू कापून देतात. उन्हाळा लागला की टेक्सासला जायचे आणि मग पिकत्या गव्हाच्या मागे मागे उत्तरेला सरकत पार मोंटानापर्यंत पोचायचे. शेत जिथे, मुक्काम तिथे. मर्ल अनरू या टोळीचा मालक. त्याची बायको लव्हॉन तेव्हा नवी नवरी होती. तिने माझ्या दारावर हात ठेवला आणि म्हणाली, "मर्ल, हिच्यापुढे मला बंगला नको."

ही मला मिळालेली पहिली शाबासकी. ती मी जपून ठेवली, कारण पुढे फारशी मिळाली नाही.

मिळणार कशी? टोळीत हार्वेस्टर होता ना! लालभडक, दुमजली घराएवढा. गहू कापायचा तो, दाणे काढायचा तो, फोटो निघायचा त्याचा. सकाळी उठल्याबरोबर मर्ल त्याच्याकडे धावायचा. त्याच्या सांध्यासांध्यात ग्रीस भरायचा, त्याच्या काचा पुसायचा. आणि गंमत ऐका, एका गावाहून दुसऱ्या गावाला जाताना हे महाराज स्वतः चालतसुद्धा नसत. मोठ्या ट्रकमागच्या सपाट गाडीवर चढून बसायचे. मी मात्र सहा माणसांच्या खाटा, भांडी आणि पिठाचा डबा पोटात घेऊन शेवटी धुरळा खात यायची. एकाच घरात मुलाला साय आणि मुलीला ताक मिळावे, तशी आमची गत होती.

टायरांच्या बाबतीत तर विचारूच नका. त्याच्या सपाट गाडीला दर दोन हंगामांनी कोरे करकरीत टायर. मला मर्लच्या वडिलांच्या, ओर्व्हिलच्या, छोट्या पिकअपचे उतरलेले. थोरल्याचा सदरा धाकट्याला, तसे. म्हाताऱ्याने नवे घेतले की जुने माझ्या अंगावर. पण एक कबूल करते. ते टायर दिसायला देखणे असत. रुंद, बाजूला पांढरी अक्षरे. अर्धे झिजलेले का होईनात, ते घातले की मला वाटे, हार्वेस्टरने एकदा तरी वळून पाहावे.

त्या वर्षी कॅन्ससचा गहू संपला आणि आम्ही नेब्रास्कातून साउथ डकोटाकडे निघालो. तिकडचा गहू पिकून उभा होता. गारपीट झाली असती तर शेतकऱ्याचे वर्ष गेले असते आणि आमचा हंगामही. मर्ल मोठ्या ट्रकमध्ये सगळ्यांच्या पुढे, लव्हॉन दुसऱ्या पिकअपने मला ओढत सगळ्यांच्या मागे.

भर दुपारी माझा उजवीकडचा मागचा टायर फुटला. नुसता फुटला नाही. त्याची साल सुटली आणि चाबकासारखी फिरत माझ्या पोटावर बसली. खालची फळी फुटली, चुलीजवळचे कपाट फुटले, पिठाचा डबा फुटला. लव्हॉनने मला कशीबशी कडेला घेतले आणि वायरलेस उचलला.

"मर्ल, थांब."

"आता काय झालं?"

"तुझं रात्रीचं जेवण रस्त्यावर सांडलंय."

जवळच्या गावातल्या टायरवाल्याकडे, लिरॉयकडे, सगळी वरात पोचली. लव्हॉन नखशिखांत पिठाने पांढरी झाली होती. ओर्व्हिलने तिच्याकडे पाहिले आणि म्हणाला, "सूनबाई, भुताच्या पार्टीला निघालीस का?" ती हसली नाही. तेव्हाच मी ओळखले की आज काहीतरी वेगळे आहे.

योगायोगाने ओर्व्हिलने त्याच दुकानात आपल्या पिकअपला नवे टायर बसवायला घेतले. त्याचे उतरलेले चारही टायर भिंतीला टेकून उभे होते. यंदाचे तर फारच सुरेख. खाचा अजून खोल होत्या, अक्षरे पांढरीशुभ्र. मी त्यांच्याकडे टक लावून पाहत होते.

मर्ल म्हणाला, "लिरॉय, हेच चढव हिला. गोटा थोडेच झालेत?"

"नाही," लव्हॉन म्हणाली. "ते मऊ आहेत. माणसांना धक्का लागू नये म्हणून केलेले. मला घरगाडीचे पाहिजेत. ते तिथे आहेत ते."

तिने बोट दाखवले तिकडे मी पाहिले आणि माझा चेहराच पडला. अरुंद, काळे, ना अक्षर ना नक्षी. विधवेच्या कपड्यांसारखे. माझी म्हणवणारी बाई, आणि तिनेही माझ्यासाठी हेच निवडावे?

"अगं, आपल्याला परवा कापणीला उभं राहायचंय. खर्च कुठे करायचा ते मला ठरवू दे," मर्ल म्हणाला. "हार्वेस्टर कमावतो."

"आणि ही?"

"ही... ही मागून येते."

"हो ना. मागून येते. म्हणून तुला दिसत नाही. बाबा, तुम्ही तरी सांगा याला."

ओर्व्हिलने टोपी डोळ्यांवर ओढली. "नवराबायको आणि टायर, यांच्या मधे मी जात नाही. कुठूनही फुटलं तरी मलाच लागतं."

लव्हॉनने कमरेवर हात ठेवले. "ठीक आहे. चढव तुझेच. पण डकोटापर्यंत हिला तू ओढायचं. हार्वेस्टरचा ट्रक मी घेते."

"तू?"

"लायसन तिच्याकडे तुझ्या आधीपासून आहे," ओर्व्हिल टोपीखालून पुटपुटला.

मर्लने किल्ल्या बदलल्या. मला तर आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. देखणे टायर माझ्या पायात, खुद्द मालक माझ्या पुढे, आणि हार्वेस्टर आज माझ्या मागे! बघ म्हणावे आता, चांगले डोळे फाडून बघ.

गावाबाहेर पडलो आणि उघड्या माळावरचा वारा कुशीवर आला. माझे अंग डावीकडे गेले. मी सावरायला गेले तर टायर खाली दबले आणि मी उजवीकडे गेले. जणू गादीवर उभे राहून कुणी पाण्याचा हंडा डोक्यावर घेतला होता. तेवढ्यात गुरांचा एक लांबलचक ट्रक शेजारून सुसाटत गेला. त्याने आधी मला ढकलले, मग ओढून घेतले. माझे शेपूट रस्ताभर फिरू लागले. पुढचा पिकअपही माझ्याबरोबर हेलकावे खाऊ लागला. आत बशा फुटल्याचे आवाज आले. मला वाटले, संपले. मी मर्लला घेऊन खड्ड्यात जाणार. आणि मागून तो लाल हार्वेस्टर सगळे पाहत होता! भीती जास्त होती की लाज, मला आजही सांगता येत नाही.

मर्लने हळूहळू वेग उतरवला आणि मला कडेला आणून उभे केले. तो खाली उतरला नाही. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून तसाच बसून राहिला. लव्हॉन मागून चालत आली आणि खिडकीशी उभी राहिली.

त्याने विचारले, "हे नेहमी असं होतं?"

"नाही," ती म्हणाली. "आज वारा कमी आहे."

मर्लने तिच्याकडे पाहिले. इतक्या उन्हाळ्यांमध्ये त्याने तिच्याकडे असे पाहिलेले मी पाहिले नव्हते. "तू बोलली का नाहीस?"

"दरवर्षी बोलते. तू ग्रीस भरत असतोस."

आम्ही गोगलगाईच्या चालीने परत दुकानात आलो. मर्ल लिरॉयला म्हणाला, "ते अरुंद टायर बाहेर काढ. आणि निवडायचं काम हिचं."

मग लव्हॉनने टायर निवडले, आणि कसे निवडले! भाजीवालीकडे भोपळा पारखावा तसे. बाजूच्या रबरावर अंगठा दाबून पाहिला. किती वजन पेलतो ते वाचले आणि माझ्या भरल्या वजनाहून एक पायरी वरचा मागितला. कोणत्या वर्षी बनला तेही वाचले. लिरॉयने आधी आणलेले तिने परत पाठवले. "हे तुझ्या फळीवर म्हातारे झालेत. कोवळे आण." जोडीला पाचवाही घेतला, अडीअडचणीसाठी.

ते चढले तेव्हा मी रुसलेलीच होते. पण पुन्हा त्याच माळावर आलो, पुन्हा वारा कुशीवर आला, आणि मी हललेच नाही. जमिनीत पाय रोवून उभे राहावे, तशी मी चालत होते. लव्हॉन पुन्हा माझ्या पुढे बसली होती. समोरून धान्याचा ट्रक आला, निघून गेला. तिने एक हात सोडून थर्मासमधली कॉफी घेतली. ती गुणगुणतही होती. मला तिचा आवाज इतका गोड आहे, हे तोवर ठाऊक नव्हते.

डकोटाचा गहू उभाच होता. गार पडली नव्हती. पहिल्या संध्याकाळी लव्हॉनने कलिंगड कापले आणि मैद्याच्या पट्ट्यांचे गरम रोलकूखेन तळले. सगळे कुरकुरीत पट्ट्या हातात घेऊन माझ्या सावलीत बसले. मर्ल मात्र हवेचे माप घेऊन माझ्याजवळ वाकला आणि एकेक टायर तपासू लागला.

पट्टी खात शेतात गेलेला ओर्व्हिल तिथून ओरडला, "मर्ल, हार्वेस्टरला ग्रीस द्यायचं राहिलंय!"

"येतो," मर्ल म्हणाला. "आधी घर बघतो."

हे वाक्य शेताच्या त्या टोकापर्यंत ऐकू गेले असावे, अशी मला फार आशा आहे.

मित्रांनो, हेवा वाईट असतो असे मोठी माणसे सांगतात. त्यांचे खरे आहे. हेव्यापायी मला दुसऱ्याचे देखणे टायर हवेसे वाटले आणि त्यांनी माझा व माझ्या माणसांचा घात केला असता. पण माझे म्हणणेही ऐका. तुमच्या मागून जे कोणी मुकाट्याने ओझे वाहत येते, त्याच्याकडे थांबून बघत जा. उभ्या गाडीच्या टायरांनाही ऊन खाते, त्यांना झाकत जा. आणि कुणाला काही द्यायचे असेल तर त्याच्या मापाचे द्या. उतरलेलेच द्यायचे असेल, तर आधी वाऱ्याच्या दिवशी त्याच्या जागी स्वतः बसून बघा.