फटी आपोआप मिटवा

नव्या बालसंग्रहालयाचे उद्घाटन ज्या रविवारी व्हावयाचे होते, त्याच्या आधीच्या मंगळवारी सकाळी, बाजारपेठेमागील गल्लीत, एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर, दीर आणि भावजय यांच्या सामाईक कामाच्या खोलीत पुढील प्रकार घडला.

खोलीत दोन टेबले होती. खिडकीजवळच्या टेबलावर दीर औषधांच्या बाटल्यांची लेबले तयार करी. दाराजवळच्या टेबलावर वहिनी पुठ्ठ्याची खेळणी आखी. तिच्या धंद्यातील मर्म एवढेच होते की, पुठ्ठ्यावर छापलेल्या चित्राभोवती लेसरचे यंत्र तिने आखलेल्या रेषेवरून कापत जाई आणि त्या रेषेत तिने जागोजागी केसाएवढ्या फटी राखलेल्या असत. तेवढ्या ठिकाणी पुठ्ठा न कापता राही, त्यामुळे तुकडा पानातच अडकून बसे आणि मुलाने अंगठ्याने दाबला की मगच सुटे. या फटींना ती टाके म्हणे. टाके कुठे घालायचे, किती घालायचे, हे तिने अनेक पुठ्ठे वाया घालवून शिकून घेतले होते.

दिराच्या धंद्यात मात्र फट म्हणजे शत्रू. संगणकावर लेबलावरील आकृतीत रंग ओतावा आणि रेषेत कुठेतरी नखभर फट राहिलेली असावी, की तो रंग बाहेर पडून सारे पान माखून टाकी. या उपद्रवाने वैतागून त्याने, दोघेही वापरीत असलेल्या चित्रांच्या सॉफ्टवेअरच्या ऑनलाइन सूचनाफलकावर, टोपणनावाने एक सूचना लिहिली होती: फाइल सेव्ह करताना सर्व बारीक फटी प्रोग्रामनेच मिटवाव्यात. सूचना लहान होती. तिचे समर्थन मात्र लहान नव्हते. ही सोय मुळातच चालू असावी, वापरणाऱ्याची परवानगी घेत बसू नये, कारण विचारून केलेली सोय ही सोय राहत नाही, ती चौकशी होते, असे त्याने लिहिले होते, आणि हे वाक्य त्याला स्वतःला फार आवडले होते.

त्यावर ‘कात्री’ असे नाव घेतलेल्या कोणीतरी दोनच ओळी लिहिल्या: “काही फटी मुद्दाम ठेवलेल्या असतात. मिटवण्याआधी विचारा.” या दोन ओळींचा त्याने अकरा परिच्छेदांत समाचार घेतला. कोणताही शहाणा रेषाकार हेतुपुरस्सर फट ठेवीत नाही, हे सिद्ध करून त्याने शेवटी लिहिले, की ज्यांना रेषा पुरी करता येत नाही त्यांनी आपल्या आळसाला हेतूचे नाव देऊ नये. लोकांनी वाहवा केली. कात्री पुन्हा काही बोलली नाही. महिन्याभराने सूचना मान्य झाली, आणि नवी आवृत्ती आली त्या दुपारी वहिनी बाहेर गेलेली असताना त्याने ती आपल्या संगणकावर बसवली आणि तिच्याही. तिला सांगायचे त्याच्या मनात होते. नंतर ते राहून गेले.

मंगळवारी सकाळी कटिंगवाला एक फुगलेले पोते खांद्यावर घेऊन जिना चढून आला आणि ते त्याने वहिनीच्या पायाशी टेकवले.

“ताई, तुमचं जहाज बुडालं बघा.”

“म्हणजे?”

“म्हणजे शिडं, डोलकाठ्या, सुकाणू, सगळा एकच काला. यंत्रातून पान बाहेर आलं की नुसती चौकट हातात. बाकीचं खाली ट्रेमध्ये.”

“आणि तुम्ही कापत राहिलात?”

“पोरगा नवा आहे यंत्रावर. त्याला वाटलं, असंच सुटं हवं असेल. मी पोचलो तोवर गठ्ठा संपला होता.”

पोत्यात तीन शिडांच्या त्या जहाजाचे छापील तुकडे भुईमुगाच्या शेंगांसारखे भरले होते. उद्घाटनाच्या दिवशी प्रत्येक मुलाला एकेक पान द्यायचे होते. ते आवडले तर दर महिन्याला एक नवे खेळणे वहिनीने करायचे, असे संग्रहालयाच्या संचालिकेने कबूल केले होते. स्वतःच्या नावावर मिळालेले तिचे हे पहिलेच काम. आता पुन्हा छापून, वाळवून, कापून रविवार गाठणे शक्य नव्हते.

“यात टाके होते,” वहिनी म्हणाली. “मी एकेक घातला होता.”

“फाइलीत नव्हते, ताई. यंत्र आपल्या मनानं काही करत नाही.”

कटिंगवाला निघून गेला. वहिनीने फाइल उघडली आणि रेषा मोठी करून पाहिली. रेषा अखंड होती. जहाजाच्या पुढच्या टोकापासून सुकाणूपर्यंत वहिनीची नजर सरकत गेली. कुठेही टाका नव्हता.

दिराला कारण पहिल्याच क्षणी कळले होते. ते बोलून टाकण्यास एक वाक्य पुरेसे होते, आणि वाक्यांची त्याला कधी वाण पडली नव्हती. पण तो लेबलावरील एका अक्षराची जाडी तपासत राहिला.

“भाऊजी, इकडे या जरा. नमुना कापला तेव्हा टाके होते, तुम्ही पाहिले होते ना? नंतर मी फक्त झेंड्याचा रंग बदलला. माझाच हात कुठे चुकला का हो?”

“बघू या,” तो म्हणाला.

हे दोन शब्द उच्चारताना त्याचे कान तापले. ती आपल्याच हाताकडे संशयाने पाहत होती आणि तो तिला पाहू देत होता. तिने फाइल बंद केली, पुन्हा उघडली, जुन्या फायली धुंडाळल्या, आणि अखेरीस प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये शिरली. तेथे एका ओळीपुढे बरोबरची खूण होती: फटी आपोआप मिटवा.

“हे कुठून आलं?”

“नवी आवृत्ती आहे. मी बसवली. तुमच्याही संगणकावर.”

“कधी?”

“तुम्ही दादाबरोबर दवाखान्यात गेला होता त्या दिवशी.”

वहिनीने खुर्ची फिरवली. “म्हणजे मान्य झाली तर तुमची सूचना.”

“तुम्हाला ठाऊक होती?”

“टोपणनाव घेतलंत म्हणून काय झालं? एका वाक्यात दोनदा ‘तथापि’ घालणारा माणूस आपल्या घरात एकच आहे.”

“मग तुम्ही तिथे...”

“कात्री मीच. म्हटलं, तोंडावर सांगितलं तर जेवण होईपर्यंत वाद घालाल. तिकडे लिहिलं तर दोन ओळी निदान वाचाल.” ती किंचित हसली, आणि ते हसू त्याला रागापेक्षा जड गेले. “वाचल्यात. आळशी म्हणालात.”

“मला माहीत नव्हतं, की ते तुम्ही...”

“दुसरं कुणी असतं तर चाललं असतं का, भाऊजी?”

त्याच्या टेबलापासून तिचे टेबल चार पावलांवर होते. वर्षानुवर्षे तिला टाके घालताना तो पाहत आला होता; चहाचा कप तिच्या हातात देताना त्याने कितीदा विचारले होते, “झाले का टाके?” असे असूनही शहाणा माणूस फट ठेवीत नाही हे लिहिताना त्याला ती आठवली नव्हती. यावर कोणतेही समर्थन संभवत नव्हते. त्याने एक जुळवून पाहिले आणि ते इतके सफाईदार निघाले की त्याला स्वतःची शिसारी आली.

“मी येतो तुमच्याबरोबर,” तो म्हणाला. “संचालिकाबाईंना सगळं मी सांगतो.”

“या. पण थोडक्यात.”

दुपारी संचालिकेच्या टेबलावर त्यांनी तुकड्यांचा एक ढीग आणि एक रिकामी चौकट ठेवली. चौकटीतून टेबलाची काच दिसत होती.

“या प्रकाराची जबाबदारी सर्वस्वी माझी आहे,” त्याने आरंभ केला. “वस्तुस्थिती अशी, की सॉफ्टवेअरमधील एका सोयीचा आग्रह मी धरला होता, तथापि...”

“आपण कोण?”

“मी यांचा दीर.”

“या कामात होता?”

“तसा नव्हतो. परंतु त्यांच्या संगणकावर...”

“एक मिनिट.” संचालिका वहिनीकडे वळली. “फाइल कुणी पाठवली?”

“मी.”

“नमुना कापून पाहिला होता?”

“पाहिला होता. नंतर तुम्ही झेंडा निळा करायला सांगितलात, म्हणून फाइल पुन्हा सेव्ह केली.”

“त्यानंतर पुन्हा कापून पाहिलं?”

“नाही.”

“सुटे तुकडे पाकिटांत भरून देता येतील,” दीर घाईने म्हणाला. “मी स्वतः बसून जुळवतो. रविवारपर्यंत प्रत्येक जहाज...”

“लहान मुलं येणार आहेत हो. त्यांना पानातून जहाज काढायचंय, पाकिटातला कचरा नाही वेचायचा.” तिने चौकट उचलून बाजूला ठेवली. वहिनीने मान खाली घातली नाही, दिराने घातली. आपला गुन्हा इथे कोणाला ऐकूनही घ्यायचा नाही, त्याची शिक्षा दुसऱ्याच माणसाच्या नावावर लागते आहे आणि आपण मात्र मोकळे सुटतो आहोत, हे त्याला त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळत गेले. त्याने तोंड उघडले. वहिनीने त्याच्या मनगटावर हलकेच हात ठेवला, तेव्हा त्याने ते मिटले.

“तुमचं काम चांगलं आहे, नमुना मला आवडला होता,” संचालिका वहिनीला म्हणाली. “पण फाइल तुमची, तपासायची राहिली तीही तुमच्याकडून. चूक तुमची. पुढची कामं मी दुसऱ्याला देते आहे.”