अक्कासाठी हेल

"मी टाळी वाजवली की मगच तू वाजवायची, आई. मधेच नाही," कुंदन मंदाबाईच्या कानात म्हणाला.

"नही वाजवत. माहे हात पदरात आहेत."

म्युनिकमधलं चारशे वर्षांचं चर्च, रविवारचे दुपारचे चार. नूतनच्या ऑफिसातून तिथल्या कार्यक्रमाचे दोन पास आले होते. लहानग्या भूमिकाला घेऊन ती घरी थांबली आणि सासूला म्हणाली, "जाऊन या आई, मन रमेल."

मन रमेल! सख्खी बहीण जाऊन नऊ दिवस झाले होते. उद्या दहावा.

फोन आला त्याच दिवशी मंदाबाईने फैजपूरला जायला पिशवी भरली होती. कुंदन म्हणाला, "नूतन सोमवारपासून कामावर जातेय. पाळणाघरात जूनशिवाय जागा नाही. तू गेलीस तर भूमिकाकडे कोण बघणार?" नातीला सांभाळायला आणलेल्या बाईची बहीण मरू शकते, हे त्या घराच्या वेळापत्रकात बसत नव्हतं. अंत्ययात्रा तिला मोबाइलवर दाखवली. भूमिका नुकतीच झोपली होती, म्हणून आवाज बंद करून. ओळखीच्या बायकांची तोंडं उघडत होती, मिटत होती. मंदाबाई तोंडात पदर कोंबून बघत राहिली.

आई गेल्यावर या थोरल्या बहिणीने, धुरपदाअक्कानेच तिला वाढवलं. दोघींनी तीस वर्षं केळीच्या बागांत मजुरी केली. मंदाबाईचा नवरा गेला तेव्हा अक्का गल्लीच्या तोंडापासून हेल काढून रडत आली होती. दारावर असंच यायचं असतं. बाहेरची हेल काढते, घरातली उत्तर देते, गळ्यात गळा पडतो. मग कोणीतरी तांब्या आणून तोंडाला पाणी लावतं, तेव्हाच ते रडणं थांबतं. शिकलेले याला नाटक म्हणतात. म्हणोत. त्यांच्या मयतीला लोक घड्याळ बघत बसतात.

समोर काळ्या कपड्यांतल्या बायका-पुरुषांची रांग उभी राहिली. वाद्यं खालच्या सुरात लागली.

"कोनतं भजन आहे रे?"

"भजन नाही. मेलेल्यांसाठीचं गाणं आहे. त्यांना शांती मिळावी म्हणून."

"कोन मेलं?"

"कोणी नाही गं. असंच. कार्यक्रम आहे."

"कोनी मेलं नही अन् इतके लोक आले?" मंदाबाईने मागे वळून भरलेली बाकं पाहिली. "अन् माही मेली तं..."

"हळू बोल ना."

तेवढ्यात रांगेतली एक बाई एकटीच गाऊ लागली. उंच, लांब, ताणलेला आवाज. तो खाली यायच्या आत बाकीच्यांनी उत्तर दिलं. मंदाबाईने ओळखलं. बाहेरची आली होती. घरातल्या उठल्या होत्या. आता आणखी कशाची वाट बघायची?

ती उभी राहिली.

"अक्का वं! माय माही वं! मले न भेटता कशी गेली वं!"

वाद्यं थांबली नाहीत. डोकी मात्र सगळी वळली. कुंदनने तिचा दंड धरला. "आई! काय करतेयस? लोक बघताहेत!"

"मंग ते गातात काहाले? मेलेल्यासाठी गातात म्हने ना तू?"

"फक्त ऐकायचं असतं गं!"

"नऊ दिवसापासून ऐकूनच राह्यली मी!"

काळ्या कोटातला एक माणूस आला. अतिशय अदबीने त्याने दाराकडे हात केला. इतक्या अदबीने की त्याला शिवी देता येऊ नये. मंदाबाईच्या छातीतलं निम्मंही बाहेर आलं नव्हतं. कुंदन तिला बाकांच्या मधून घेऊन निघाला, लहान मुलाने भर पंगतीत घाण केल्यावर उचलून नेतात तसा.

दाराशी त्याने नूतनला फोन लावला. "हो, निघालो. तमाशा झाला. घरी आल्यावर सांगतो."

भिंतीत दगडाचं एक पसरट भांडं होतं. येताना लोक त्यातल्या पाण्यात बोटं बुडवताना तिने पाहिले होते. आत बायका अजून एकमेकींना उत्तर देत होत्या. मंदाबाईने मागे पाहिलं. उठून कोणी आलं नाही.

तिने ओंजळ भरून घेतली आणि आपल्या तोंडावर आपणच पाणी मारलं. पदराने तोंड पुसलं.

"चाल," ती म्हणाली. "भूमिका उठली असीन."