गणिताऐवजी भूगोल

रुचिरा जून एक्याण्णवमध्ये बारावीत गेली. अकरावीला गणितात तिला शंभरपैकी चौऱ्याण्णव मिळाले होते, पनवेलच्या तिच्या कॉलेजात सगळ्यांत जास्त. पण खांदा कॉलनीतल्या त्यांच्या घरात त्या मार्कांबद्दल कुणी बोललं नाही.

दोन वर्षांपूर्वी तिचा थोरला भाऊ इंद्रजीत बारावीला बसला होता. त्याला कॉमर्सला जायचं होतं. बाबांनी ऐकलं नाही. ते तळोज्याला एका केमिकल कारखान्यात ऑपरेटर होते. आपल्यासारखं मुलानेही जन्मभर तो वास छातीत भरून घेऊ नये, इंजिनिअर होऊन केबिनमध्ये बसावं, असं त्यांना वाटे. निकालाच्या दिवशी इंद्रजीत मार्कलिस्ट आणायला गेला. रांगेत उभा होता, पण नंबर यायच्या आतच निघून गेला, असं मित्रांनी सांगितलं. तो घरी आलाच नाही. चार दिवसांनी बाबांनीच मार्कलिस्ट आणली. गणितात एकोणीस मार्क होते.

पोलिसांत तक्रार झाली, पेपरात फोटो आला. सुरतेला कुणीतरी त्याला पाहिल्याचं कळलं म्हणून बाबा तिकडे जाऊन आले. तो दुसराच कुणीतरी निघाला.

आता रुचिराच्या हातात विषयांचा फॉर्म होता. गणित सोडून भूगोल घेता येत होता. शनिवारपर्यंत पालकांच्या सहीसकट फॉर्म द्यायचा होता. तिला गणित हवं होतं. एखादं अडलेलं उदाहरण सुटलं की त्या घरात तेवढाच वेळ तिला मोकळा श्वास घेता यायचा.

आईने फॉर्म पाहिला आणि तांदूळ निवडता निवडता थांबली.

"तो कधीही येईल," ती म्हणाली. "आल्या आल्या टेबलावर तीच पुस्तकं दिसली तर त्याला काय वाटेल? उंबऱ्यावरूनच परत फिरेल तो."

गेल्या दोन वर्षांत आई एका लग्नालाही गेली नव्हती. मधेच तो येईल आणि दाराला कुलूप दिसेल, ही तिची भीती.

शुक्रवारी बाबांची सुट्टी होती. आई देवळात गेल्यावर त्यांनी रुचिराला जवळ बसवलं. आईचं मनावर घेऊ नकोस, सही मी करतो, असं ते म्हणाले. तिला इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले. मग ते खाली बघत म्हणाले, "तू चांगले मार्क काढ. म्हणजे विषय वाईट नव्हता, हे हिला कळेल. माझं चुकलं नव्हतं, हे तरी कळेल."

रुचिरा त्यांच्याकडे बघत राहिली. तिने सोडवलेलं प्रत्येक उदाहरण आता बाबांच्या बाजूने आणि दादाच्या विरुद्ध पडणार होतं. ती आत गेली आणि फॉर्मवर भूगोल लिहून आली. बाबांनी वाचलं. बराच वेळ पेन नुसतंच हातात धरलं, मग सही केली.

गणिताच्या मोकल सरांनी तिला स्टाफरूममध्ये बोलावून कारण विचारलं. भूगोलात मार्क जास्त पडतात, असं तिने सांगितलं. चौऱ्याण्णवपेक्षा जास्त का, असं सरांनी विचारलं. वर्षभर गणिताच्या तासाला ती लायब्ररीत बसे आणि बारावीच्या गणिताच्या पुस्तकातली उदाहरणं एकटीच सोडवत राही.

मार्चमध्ये गणिताच्या पेपराच्या दिवशी ती घरीच होती. दुपारी मैत्रीण नीता थेट परीक्षेहून आली. तिचा पेपर बिघडला होता, रडून डोळे सुजले होते. तिने प्रश्नपत्रिका रुचिरापुढे टाकली. रुचिरा पहिल्या प्रश्नापासून वाचत गेली. शेवटच्या पानापर्यंत तिला कुठेच अडावं लागलं नाही.

"अवघड होता ना गं?" नीताने विचारलं.

"हो," रुचिरा म्हणाली. "खूपच अवघड."

आईने नीताला पाणी दिलं आणि प्रश्नपत्रिका उलटी करून ठेवली. नीता गेल्यावर दार लोटून घेतलं, कडी मात्र घातली नाही. दिवसा ती कडी कधीच घालत नसे.

संध्याकाळी बाबा कामावरून आले. हातपाय धुऊन चहाला बसले. आई स्वयंपाकघरात आहे असं बघून त्यांनी हळूच विचारलं, "आजचा पेपर कसा होता?"

"मला काय माहीत," रुचिरा म्हणाली.

त्यांनी मान हलवली आणि चहा तसाच ठेवून उठले.