दोघी असल्या तर

“एक्स कुठंय?” शेवटच्या बाकावरून कमळाकर सरांनी विचारलं.

शोभा हात मागे बांधून फळ्याजवळ उभी होती. फळा कोरा. उत्तर मात्र तिनं देऊन टाकलं होतं: मुलगी बारा, आई छत्तीस.

आईचं वय मुलीच्या तिप्पट. बारा वर्षांनी दुप्पट होईल. आजची वयं काढा आणि रीत समजावून सांगा. तोंडी परीक्षेचं गणित. मांडणीला दोन गुण, समीकरणाला दोन, उत्तराला एक. सुकापूरहून येणाऱ्या शोभाला नववीतून वर जायला पाचांपैकी तीन हवे होते. परीक्षा घेणाऱ्या मझलबाईंना ते ठाऊक होतं, आणि पर्यवेक्षक म्हणून बसलेल्या सरांनाही.

“एक्स नाय घेतला, सर.”

“गणितात बारा दिलेत, म्हणून बारा ठोकलेस.”

नव्या पनवेलच्या सोसायट्यांतली मुलं हसली. मझलबाई हसल्या नाहीत. बावीस वर्षं ‘समजा’नं सुरू होणारी तीच ती स्पष्टीकरणं ऐकून त्यांचे कान किटले होते. कुणी चुकीची का होईना, नवी वाट धरली की त्या खुर्चीत पुढे सरकत. आत्ता त्या अगदी काठावर आल्या होत्या.

“कशी काढलीस गं?”

“बाई, दोगींतलं अंतर बदलत नाय. आज आई तिप्पट, म्हंजे अंतर पोरीच्या वयाच्या दोन पट. पुढं आई दुप्पट, म्हंजे तेच अंतर पोरीच्या नव्या वयाएवढं. मंग पोर बारा वर्सांत डबल झाली ना? तं आधी बाराच असंल.”

“बरं. चौपट असती आणि वीस वर्षांनी दुप्पट?”

शोभानं छताकडे पाहिलं. “धा नि चाळीस.”

सरांनी कागदाच्या मागे एक्स मांडून पाहिला. “बरोबर आहे,” ते म्हणाले, जरा नाइलाजानं.

“कुणी शिकवलं तुला?” बाईंनी विचारलं.

“कोन नाय. ताईला काय विचारलं की बोलायची, माझ्याएवढी झालीस की सांगीन. मी मोजत बसायची. कवाच जुळंना.”

वर्ग पुन्हा हसला, पण आता तिच्या बाजूनं.

बाईंचा एक प्रश्न ठरलेला होता. त्याला गुणपत्रकात रकाना नव्हता. “ही रीत कधी चालणार नाही?” बहुतेक वेळा उत्तर येई, माहीत नाही बाई.

शोभानं विचार केला. “दोगी असल्या तरच चालंल. ताई चौदाची असताना गेली. मी आता पंधराची हाय.”

नियमाचा अपवाद सांगावा, तसं सांगितलं. आवाजही तोच.

बाईंनी गुण भरले. मांडणी दोन, समीकरण शून्य, उत्तर एक.

सर सहीला जवळ आले. “मांडणी फळ्यावर नाही, बाई.”

“ऐकलीत ना तुम्ही?”

सरांनी पेन उघडलं. मग हळूच म्हणाले, “समीकरणालाही एक द्या की.”

“नको. ते तिनं मांडलेलं नाही.”

सरांनी सही केली. शोभा जागेवर जाऊन बसली.

पुढचा नंबर चारुताचा. वर्गात कायम पहिली. तिच्या वाट्याला बाप-लेकाच्या वयाचं गणित आलं. तिनं खडू उचलला. “समजा, मुलाचं वय एक्स...” आणि थांबली.

“बाई, दोघं आहेत ना?”

“आहेत,” मझलबाई म्हणाल्या. “आहेत असं धरून चाल.”