डावीकडे वळणारा जिना

आईला लग्न करायचं होतं, आणि माझ्या होकाराशिवाय ती करणार नव्हती. हे तिने मला फोनवर सांगितलं, भाजी निवडता निवडता. समोरासमोर सांगायचा धीर तिला झाला नसावा, आणि खरं सांगायचं तर समोर ऐकायचा मलाही झाला नसता. नवरामुलगा (मला हाच शब्द सुचला आणि माझा मलाच राग आला) गवंडी होता. तिच्याहून थोडा मोठा, बायको जाऊन बरीच वर्षं झालेला. शहराबाहेर किल्ल्यासारखी बांधलेली ती वायनरी आहे ना, तिथे कामाला.

"एकदा येऊन बघ," आई म्हणाली. "नाही म्हणालीस तर विषय संपला. मी रुसणार नाही."

तिथेच माझी पंचाईत झाली. रुसणाऱ्या माणसाशी निदान भांडता तरी येतं. माझ्या नवऱ्याने तर या प्रकरणातून पहिल्याच दिवशी अंग काढून घेतलं. सासूबाईंच्या लग्नात जावयाने काय बोलायचं, असं म्हणून तो गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायला गेला. त्या मी नुकत्याच भिजवल्या होत्या.

मी नकार द्यायलाच निघाले होते. कारण तेवढं सापडायचं होतं, आणि त्याची मला काळजी नव्हती. मी शाळेत गणित शिकवते; दुसऱ्याची चूक शोधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. बाबा गेले, तरी हा गुण त्यांच्याकडून आलाय असं नातेवाईक अजून म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत.

द्राक्षांच्या ओळींमधून रस्ता वर चढला आणि समोर किल्ला उभा राहिला. खंदक, साखळ्यांनी उचलायचा लाकडी पूल, चार कोपऱ्यांना चार बुरूज, भिंतीत बाण मारायच्या फटी. आत शत्रू येण्याची भीती नव्हती. तो बाहेर गाडी लावायला सावली शोधत फिरत होता; तो म्हणजे मी. मालकाला म्हणे लहानपणापासून किल्ल्यांचं वेड. हाती पैसा आल्यावर लोक बंगला बांधतात, याने मध्ययुग बांधलं. तेही खरंखुरं: हाताने घडवलेला दगड, चुन्यातली भिंत, हाताने ठोकलेले खिळे. हौसेला मोल नसतं हेच खरं. एवढं करून किल्ल्याचं वय माझ्या गाडीपेक्षा कमीच.

आई पुलापाशीच उभी होती, ठेवणीतले कपडे घालून. तिच्या शेजारी तो. मी धिप्पाड माणसाची तयारी करून आले होते, निघाला सडपातळ, किंचित वाकलेला. बोटं मात्र जाडजूड, आणि नखांच्या कडांना चुना. रस्ता सापडायला त्रास झाला नाही ना, असं त्याने विचारलं. किल्ला लांबूनही दिसतो, असं मी म्हटलं. तेवढं बोलून आम्ही किल्ला बघणाऱ्या लोकांच्या घोळक्यात शिरलो.

घोळक्याच्या पुढे एक मुलगी माहिती सांगत होती. अंगात मखमली झगा, खाली पळायचे बूट. तिने तळघरातली लाकडी पिंपं दाखवली, आंबूस गार वासात सगळ्यांना उभं करून वाइन कशी मुरते ते सांगितलं. मग आम्हाला एका बुरुजात नेलं. आत दगडी गोल जिना होता. किल्ल्यांचे असे जिने बहुधा चढताना उजवीकडे वळतात, ती म्हणाली, म्हणजे खालून येणाऱ्या शत्रूचा तलवारीचा हात मधल्या खांबाला अडतो. पण हा जिना डावीकडे वळतो, कारण इथला सरदार डावखुरा होता.

मला राहवलं नाही. हा सरदार नेमका कधी होऊन गेला, असं मी विचारलं. लोक हसले. मुलगी लाल झाली. आईने डोळे मिटले. तिची लेक आता सुटली हे तिला कळलं होतं.

"अगं, खरं ते सांगून टाक," मागून तो त्या मुलीला म्हणाला. "माझी हरकत नाही." मग घोळक्याकडे बघून त्याने स्वतःच सांगितलं. "सरदार वगैरे कोणी नव्हता. मी साचा पालथा ठेवला."

पायरीच्या मापाचा पत्र्याचा साचा असतो, तो दगडावर ठेवून रेघ मारायची आणि त्याप्रमाणे दगड घडवायचा. साचा पालथा पडला की पायरी उलटी निघते, आरशात दिसावी तशी. याने सगळ्या पायऱ्या घडवून झाल्यावर पहिल्या दोन बसवायला घेतल्या, तेव्हा कुठे ध्यानात आलं. लोक आणखी हसले, त्यांच्याबरोबर हाही हसला, आणि घोळका वर चढू लागला.

मी मागे राहिले. असा माणूस माझ्या ओळखीचा नव्हता. "कोणाच्या लक्षात आलं ते?" मी विचारलं.

"माझ्याच. दोन पायऱ्या बसवून जेवायला बसलो तेव्हा."

"मग?"

"मग काय, डबा झाकून ठेवला. तसाच उठून मालकांकडे गेलो."

हाताखालच्या माणसांवर ढकलता आलं असतं, असं मी सुचवून बघितलं. आलं असतं, तो म्हणाला, पण साचा ठेवला होता मी. मालक चिडून निघून गेले. संध्याकाळी येऊन म्हणाले, जिनाच फिरवा डावीकडे. जुन्या किल्ल्यांतही कुठे कुठे असे जिने असतात. "तिथेही कोणीतरी साचा पालथा ठेवला असेल," तो म्हणाला आणि भिंतीला धरून सावकाश वर गेला.

मला बाबांची आठवण आली. बाबा औषधांच्या दुकानात होते. तिथे चूक म्हणजे कोणाच्या तरी जिवाशी खेळ, त्यामुळे चूक आपल्या हातून होतच नाही अशी त्यांनी मनाची समजूत घालून घेतली होती, आणि ती समजूत ते घरीही घेऊन यायचे. एकदा त्यांनी आम्हाला लग्नाला म्हणून भलत्याच हॉलवर नेलं. अनोळखी नवरानवरीला आहेर देऊन, पोटभर जेवून आम्ही परत आलो, आणि आईने पत्रिका नीट वाचली नाही असं घरी येऊन ठरलं. मी ती गोष्ट अजून हसत हसत सांगते. त्यात आई कधी हसली का, हे मला त्या जिन्यात उभी राहून काही केल्या आठवेना.

शेवटी सगळ्यांना मोठ्या दालनात लांब टेबलाशी बसवलं आणि ग्लास आले. मला गाडी चालवायची होती, मी पाणी घेतलं. आईने वाइनचा एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि दुसरा घेतला. तो पाव आणायला गेला होता. उंच खिडक्यांना जाड लाल पडदे होते. ते आईने शिवलेत हे मला माहीत होतं. त्याच कामावर दोघांची ओळख झाली होती. पण मी ते पहिल्यांदाच बघत होते, आणि माझी नजर जायची तिथेच गेली. एका पडद्याला खाली पट्टी जोडलेली होती.

"ती माझी चूक," आई म्हणाली. "सगळ्या खिडक्या सारख्या दिसल्या, म्हणून मी एकीचंच माप घेतलं आणि सगळं कापड कापलं. लावायला आले तर काय, हाताने बांधलेल्या खिडक्या, एक दुसरीसारखी नाही. कुठे पडदा लोळतोय, कुठे वर टांगलाय. मी शिडीवर तशीच उभी राहिले. आता कोणीतरी ओरडणार."

"मग?"

"हे खाली चुना कालवत होते. वर बघून म्हणाले, अर्धी चूक माझी, मीच खिडक्या सारख्या बांधल्या नाहीत. आणि शिडी धरून उभे राहिले."

तिने पडद्याकडे बघितलं. मग माझ्याकडे न बघता बोलली.

"तुझे बाबा वाईट नव्हते. माझ्यावर त्यांनी हात उगारला नाही, घरात काही कमी पडू दिलं नाही. पण त्या घरातली प्रत्येक चूक माझी असायची, बाई. दूध उतू गेलं तरी, पाऊस पडला तरी. आता जेवढे दिवस राहिलेत तेवढ्यात मला अर्धी वाटून घेणारं माणूस हवंय. बाकी काही नको."

मला रडू आलं. आईचं वाईट वाटलं, आणि तिचा अभिमानही वाटला. त्या घरात मी वाढले, सगळ्यांच्या चुका मोजल्या, आणि ही बाई हे सगळं एकटीने वाहत होती.

तो पावाची ताटली घेऊन आला. आम्हा दोघींचे चेहरे बघून ताटली ठेवावी की परत न्यावी, असा उभा राहिला.

"मी तुम्हाला बाबा म्हणणार नाही," मी म्हटलं. म्हणायचं काहीतरी वेगळंच होतं, आलं हे.

"नका म्हणू," तो म्हणाला. "कशाने तरी हाक मारा, म्हणजे झालं. घरात मला कोणी हाक मारली त्याला फार दिवस झाले."

आईने ग्लास खाली ठेवला. ती माझ्याकडे बघत होती, नापास होण्याची तयारी करून आलेली मुलं बघतात तशी. मी शेजारची खुर्ची ओढली.

"बसा," मी त्यांना म्हटलं. "आणि तारीख शाळेच्या सुट्टीत धरा. मला चार दिवस आधी यायचंय."